हिमालयातील खिंडी व आमचे प्रवासलेखन

मराठीत प्रवासवर्णनांची वाण आहे, अशी तक्रार आता कोणास करता येणार नाही. निदान हिमालयापुरती तरी ती उरलेली नाही. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुटीत पुण्या-मुंबईपासून नागपूर-चांद्यापर्यंतची कितीतरी मंडळी पाठीवर पिशव्या बांधून हिमाचलात, गढवालात व कुमाऊंत जातात, आठ-दहा दिवस चालून एखादी उंच खिंड ओलांडतात आणि परत येतात. त्यांतील कोणी ना कोणी लेखणी हाती घेतो. दिवाळीच्या सुमारास त्या लेखणीचे फळ अंकांतून, अथवा स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांतून, आमच्यापर्यंत पोहोचते. गेल्या काही वर्षांत असे पुष्कळ लेखन आम्ही वाचले. त्याविषयी चार शब्द लिहावे, असे बरेच दिवस मनात होते. हे लेखन हौशी आहे, म्हणून ते टीकेच्या कक्षेत येत नाही, असे काहींचे म्हणणे असते. आम्हांस ते मान्य नाही. जे छापले जाते व घराघरांतून वाचले जाते, त्याने वाचकाची दृष्टी घडते किंवा बिघडते. आणि म्हणून त्याची तपासणी होणे युक्त आहे.

आम्ही हे लिहितो ते घुग्घुसहून. ज्या वाचकांस हे गाव ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो की, चंद्रपुरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरांवर, वर्धा नदीच्या बाजूस वसलेले हे कोळशाचे गाव आहे. भोवती खाणी आहेत, सिमेंटचा व लोखंडाचा कारखाना आहे. येथील सर्वांत उंच जागा कोणती असे कोणी विचारले, तर खुल्या खाणीतून उपसलेल्या मातीच्या ढिगाकडे बोट दाखवावे लागते. मे महिन्यात पारा 46 अंशांच्या पुढे सरकला, की बर्फाची वर्णने येथे आवडीने वाचली जातात, यात नवल नाही. परंतु या गावाचा वाचक ती वाचताना एक प्रश्न मनात बाळगून असतो. गाव ओझ्यावर जगते. कोळसा कोणीतरी खणतो, कोणीतरी भरतो, कोणीतरी वाहून नेतो, आणि दूरच्या शहरातील दिव्याखाली बसणाऱ्यास त्यांतील एकाचेही नाव ठाऊक नसते. त्यामुळे 'आम्ही चौदा हजार फुटांवर गरम भात खाल्ला' असे वाक्य आले, की आमचा वाचक लगेच विचारतो : तांदूळ वर कोणी नेले?

प्रश्न साधा आहे. पण सबंध लेखनप्रकाराची परीक्षा त्यात होते, असे आम्हांस वाटते. ती कशी, हे सांगण्यापूर्वी 'खिंड' या शब्दाकडेच थोडे पाहिले पाहिजे.

शिखर आणि खिंड या दोन वस्तू आमचे लेखक सर्रास एक समजतात. शिखरावर माणूस जातो व आल्या वाटेने परत येतो. तेथे कोणी राहत नाही, आणि तेथून कोठे जाताही येत नाही. खिंडीची गोष्ट वेगळी. खिंड म्हणजे डोंगराने माणसांस दिलेली वाट. तिबेटी भाषेत तिला 'ला' म्हणतात, गढवालात 'खाल', कुमाऊंतील कित्येक उंच खिंडींच्या नावांत 'धुरा' येते, आणि चंबा-कांगड्याकडे 'जोत' हा शब्द रूढ आहे. इतक्या बोलींत इतके शब्द रुजले, याचे कारण या वाटांनी शतकानुशतके माणसे व जनावरे येत-जात राहिली. गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात आपले कळप घेऊन धौलाधारच्या खिंडी चढतात आणि थंडीपूर्वी परत उतरतात. आमच्याकडील धनगर पावसाळा सरला की घाट उतरून कोकणात जातात, तसाच हा प्रकार. त्यांच्या लेखी खिंड ओलांडणे हा पराक्रम नसून वर्षाचा क्रम आहे.

मराठी मनात मात्र खिंडीची प्रतिमा दुसरीच आहे. खिंड म्हटली की आम्हांस 1660 सालची घोडखिंड, म्हणजेच पावनखिंड, आठवते, बाजीप्रभू आठवतात. 'खिंड लढवणे' हा वाक्प्रचार आमच्या रोजच्या बोलण्यात आहे. कचेरीत साहेबाच्या गैरहजेरीत काम सांभाळणारा कारकूनसुद्धा खिंडच लढवतो. या स्मृतीचा अभिमान कोणास नाही? परंतु ती बरोबर घेऊन आमचा प्रवासी हिमालयात जातो, आणि तेथील निरुपद्रवी वाटेवर त्यास शत्रू दिसू लागतो. मग बर्फ 'हल्ला' करते, वारा 'आव्हान' देतो, खिंड 'सर' होते, माथ्यावर झेंडा फडकतो आणि जयघोष होतो. लढाई कोणाशी होती, हे शेवटपर्यंत कळत नाही.

वास्तविक महाराष्ट्राजवळ खिंडीची दुसरीही परंपरा आहे व ती पहिलीपेक्षा कितीतरी जुनी आहे. जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट सातवाहनकाळापासून व्यापाराची वाट आहे. तेथील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. यज्ञ व दाने यांच्या त्या यादीत भारतातील अंकचिन्हांचे फार जुने नमुने सापडतात. घाटाच्या तोंडाशी दगडाचा मोठा रांजण आहे आणि लोक त्यास जकातीचा रांजण म्हणतात. ज्या खिंडीतून बैल, माणसे, धान्य व पैसा यांची ये-जा होई, अशी ही खिंड. हिमालयातील खिंडी जातीने नाणेघाटाच्या बहिणी आहेत. आमच्या लेखकांनी त्यांस पावनखिंडीच्या पंक्तीस बसवले, हा त्यांच्या लेखनातील पहिला व मूळचा दोष होय.

खिंडीतून जाण्याचा योग्य भाव कोणता, हे कालिदासाने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. 'मेघदूता'तील रामगिरी म्हणजे आमच्या विदर्भातील रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. ते स्वीकारले तर विदर्भातून निघून हिमालयाची खिंड ओलांडणारा पहिला प्रवासी मेघच ठरतो. यक्ष त्यास वाट सांगताना घाई करावयास सांगत नाही. थकलास की शिखरावर पाय टेक, क्षीण झालास की झऱ्याचे हलके पाणी पी, असे बजावतो. पुढे क्रौंचरंध्र येते. हंस ज्यातून मानसाकडे जातात असे हे डोंगराचे भोक काही विद्वान गढवालातील नीती खिंडीशी जुळवतात. तेथे मेघाने तिरपे व लांबट व्हावे, असे यक्ष सुचवतो. आकाश व्यापणारा मेघ, पण खिंडीशी येताच त्यास आपला आकार बदलावा लागतो. आमच्या अलीकडच्या वर्णनांत ही गोष्ट कोठे आढळत नाही. आमचा प्रवासी खिंडीत शिरताना जेवढा असतो, बाहेर पडताना त्याहून मोठा झालेला असतो.

आता या वर्णनांची घडण पाहू. ती बहुधा ठरलेली असते. आरंभी वैद्यकीय तपासणी, बुटांची खरेदी व नातेवाइकांचा विरोध, मग आगगाडी, मग तळावरील पहिली रात्र. त्यापुढे मुक्कामांची नावे आणि फुटांतील उंची यांची मालिका लागते. खिंडीच्या दिवशी लेखक पहाटे उठतो, वर चढतो, गहिवरतो, छायाचित्र काढतो. त्यानंतर दहा ओळींत तो घरी पोहोचतो, आणि हिमालयापुढे माणूस किती क्षुद्र, हा विचार मांडून लेख संपवतो.

या घडणीतील एक उणीव विलक्षण आहे. तीत उतरण नसते. खिंडीची निम्मी वाट उताराची असते व ती वाटच खिंडीचे प्रयोजन असते. पलीकडची दरी निराळी दिसते, झाडे निराळी, घरांची छपरे निराळी, बोली निराळी. परंतु आमच्या लेखकाचे मन माथ्यावरच राहिलेले असते. पार्वतीच्या खोऱ्यातील सर खिंडीचे उदाहरण घ्या. यूथ होस्टेल्स असोसिएशनच्या मोहिमांमुळे मराठी कुटुंबांस ती विशेष परिचयाची झाली आहे. कसोलहून निघून ग्रहण गावावरून चढत जावयाचे आणि बर्फावरून घसरत बिस्करीकडे उतरावयाचे, असा तिचा मार्ग. घसरगुंडीची मौज प्रत्येक लेखात आहे. पण उतरल्यावर जे कुरण लागते, ते कोणाचे, तेथे कोणाची जनावरे चरतात, हे सांगणारे वर्णन आम्ही अद्याप वाचावयाचे आहे.

दुसरी उणीव ओझ्याची. खेचरवाला व हमाल या लेखांत येतात. पण विशेषणाच्या रूपाने येतात. ते 'हसतमुख' असतात, 'काटक' असतात, 'निरागस' असतात. लेखकाच्या गटातील चाळीस जणांची नावे आम्हांस कळतात. कोण गातो, कोणास पत्ते आवडतात, हेही कळते. खेचराचेही नाव कधी कळते. माणसाचे कळत नाही.

हे असेच असावयास हवे, असे मात्र नाही. काका कालेलकरांचा 'हिमालयातील प्रवास' या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. ज्या बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात ते शिकवीत, ते सरकारच्या रोषामुळे 1911 साली बंद पडले आणि पुढच्याच वर्षी ते पायी हिमालयाच्या वाटेस लागले. बरोबर स्वामी आनंद व अनंतबुवा मर्ढेकर होते. हकीकत लिहिली गेली ती मागाहून, गांधीजींच्या आश्रमात असताना, आणि तीही गुजरातीत. साताऱ्यास जन्मलेल्या गृहस्थाचे हे पुस्तक मराठीत नंतर आले, याची थोडी चुटपुट लागते. कालेलकरांच्या वाटेवर खिंडी आहेत, थंडी आहे, उपासमारही आहे. पण जयघोष नाही. तीर्थयात्रा म्हणून निघालेल्या माणसास जिंकण्यासारखे काही नसते. त्यांच्यात दोष नाही असे नाही. निसर्ग पाहता पाहता ते फार लवकर संस्कृतीकडे वळतात. नदी दिसली की तिचे पुराण आधी आठवते आणि पाणी मागून दिसते. तथापि वाटेवर भेटणारा मनुष्य त्यांस आपल्याइतकाच खरा वाटतो. हा गुण शिकवून येत नाही, हे खरे. पण वाचून त्याची सवय लागू शकते.

त्या काळच्या यात्रेचा एक टप्पा येथे आठवतो. गंगोत्रीहून केदारास जाणारी जुनी पायवाट बेलक, बूढा केदार व घुत्तू या मुक्कामांनी पंवालीच्या उंच कुरणांवर चढे आणि त्रियुगीनारायणाकडे उतरे. गढवालात जर्मनीची लढाई व पंवालीची चढाई एकाच तोलाची मानणारी म्हण आहे. मोटारीचे रस्ते झाले आणि ही वाट यात्रेकरूंनी सोडली. पूर्वी या वाटेने सोवळ्यातील विधवा चालल्या, पाठीवर गाठोडे घेतलेले म्हातारे चालले. आमच्या कित्येक घरांतील पणज्या अशा यात्रा करून आल्या आणि गंगेची गडू देवघरात ठेवून पुन्हा चुलीपाशी बसल्या. त्यांनी काही लिहिले नाही. लिहिले असते, तर आजच्या पुष्कळ लेखकांची लेखणी थोडी संकोचली असती.

खिंडीच्या वर्णनात काय काय मावू शकते, याचा सर्वांत मोठा दाखला लिपुलेखाचा आहे. सुमारे 17,000 फुटांवरील ही खिंड कैलास-मानसरोवराच्या यात्रेमुळे मराठी वाचकांस ठाऊक आहे. 1962 च्या युद्धापूर्वी व्यास खोऱ्यातील व्यापारी शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर धान्य लादून तकलाकोटास जात आणि मीठ व लोकर घेऊन येत. युद्धाने ही वाट बंद झाली व सबंध खोऱ्याचा संसार विस्कटला. 1981 साली यात्रा पुन्हा सुरू झाली. मग रात्री दोन-तीनच्या सुमारास नाभीढांगहून निघून सूर्योदयाच्या वेळी खिंड गाठण्याचे वर्णन मराठीत अनेकांनी केले. 1998 च्या ऑगस्टात याच वाटेवरील मालपा येथे दरड कोसळून दोनशेहून अधिक माणसे गेली. त्यांत साठ यात्रेकरू होते. या आकड्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. मालपा म्हटले की साठ यात्रेकरूच आठवले जातात. उरलेले दीडशेच्या आसपास जीव कोणाचे होते? त्यांत त्या यात्रेचे ओझे वाहणारे होते, वाट राखणारे होते, गावचे रहिवासी होते. 2020 च्या मे महिन्यात लिपुलेखाच्या रस्त्याचे उद्घाटन झाले, आणि 2025 साली, पाच वर्षांच्या खंडानंतर, यात्रा पुन्हा सुरू झाली, तेव्हा चालण्याचा मोठा भाग मोटारीने गिळलेला होता. म्हणजे पायी यात्रेची जुनी वर्णने आता इतिहासाची साधने झाली. त्यांत त्या वाटेवरील माणसे टिपलेली नसतील, तर ती पुन्हा टिपता येणार नाहीत.

लढाईच्या भाषेचा एक परिणाम साहित्यापुरता मर्यादित राहत नाही, म्हणून तोही सांगितला पाहिजे. सतरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी मिळतो. शरीर यास हळूहळू सरावते. प्रथम श्वास वाढतो, पुढे काही दिवसांनी रक्तातील तांबड्या पेशी वाढतात. या क्रमास घाई चालत नाही. डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर थांबावे. वाढले, तर उतरावे. येथे जिद्दीचा उपयोग नाही, किंबहुना जिद्द घातक ठरते. आणि आमच्या लेखांत तर सारे माहात्म्य जिद्दीचे! परत फिरणारा त्यांत दयेचा विषय होतो. 2024 च्या जूनमध्ये उत्तरकाशीच्या सहस्रतालाच्या वाटेवर हिमवादळात सापडून कर्नाटकातील नऊ जण मरण पावले. त्यांच्या वाटेवर काय घडले, याचा निवाडा आम्ही करीत नाही. परंतु परत फिरणे हीही पहाडातील एक विद्या आहे, हे सांगणारा एकतरी चांगला लेख मराठीत असावा, असे त्या बातमीने तीव्रतेने वाटले.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. ती न देता ही टीका करणे अप्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः सर खिंडीच्या वाटेस गेलो होतो. खिंडीच्या अलीकडील नगारूच्या तळापर्यंत पोहोचलो आणि तेथून परतलो. नंतर त्या प्रवासावर आम्ही लेख लिहिला, तो छापून आला व स्नेह्यांनी वाखाणलाही. त्यात आम्ही 'हवामान बिघडल्यामुळे' परतलो, असे लिहिले होते. ते खरे नव्हते. त्या पहाटे आकाश स्वच्छ होते, बाकीची मंडळी खिंड ओलांडून गेली. बिघडले होते ते आमचे डोके. रात्रभर ते फुटत होते आणि पहाटे बुटाची नाडी बांधणेही जमेना. तळावर सामान वाहणाऱ्यांपैकी एक जण आमची पिशवी स्वतःच्या ओझ्यावर बांधून आमच्यासोबत खाली आला. दिवसभर तो चार पावले पुढे चाले, थांबे, आम्ही पोहोचलो की पुन्हा चाले. एकदा त्याने आमचे बूट सोडून मोजे पिळून दिले. ग्रहण गावात आम्हांस एका ओसरीवर बसवून तो त्याच संध्याकाळी वर परतला. लेखात आम्ही त्यास अर्धे वाक्य दिले होते, आणि विशेषण अर्थातच 'हसतमुख' हे होते. तो दिवसभरात एकदाही हसला नव्हता. त्याचे नाव आम्ही विचारले नाही.

तेव्हा वर जे दोष दाखवले, ते आम्ही दुसऱ्यांच्या लेखांत शोधले असले, तरी प्रथम ओळखले ते स्वतःच्या लेखात. आणि आमच्या गावच्या माणसास तरी ही चूक क्षम्य नाही. 2022 च्या ऑगस्टात घुग्घुसच्या आमराई वॉर्डातील एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. घरची माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. ज्या गावाच्या पायाखाली अनेक पिढ्यांच्या अनामिक श्रमांनी पोखरलेली भूमी आहे, त्या गावच्या लेखकाने डोंगरावर जाऊन पुन्हा तोच अनामिकपणा लिहून यावे, हे बरे नव्हे.

शेवटी एका आशेचा उल्लेख करतो. 2018 च्या मे महिन्यात 'मिशन शौर्य' या उपक्रमातून चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले : मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे व विकास सोयाम. तो शिखराचा विषय होता, खिंडीचा नव्हे. आणि त्यांचे सत्कार यथोचित झाले. आम्हांस उत्सुकता आहे ती त्यांच्या शब्दांची. ज्यांच्या घरी डोक्यावर मोळी व कमरेवर घागर घेऊन चालणे नित्याचे आहे, त्यांनी शेर्पाच्या पाठीवरील ओझ्याकडे पाहिले असेल, ते आमच्यासारखे खचित नसेल. असे एखादे पुस्तक मराठीत, गोंडीत, किंवा दोन्ही भाषांच्या मिश्रणात आले, तर हिमालयाविषयीच्या आमच्या लेखनास नवे वळण लागेल, अशी आमची खात्री आहे.

तोवर पुढील सुटीत खिंड ओलांडणाऱ्या लेखकमित्रांस आमची एवढीच विनंती आहे. वहीचे पहिले पान उंचीच्या आकड्यांसाठी राखू नये. त्यावर बरोबर चालणाऱ्या ओझेवाल्याचे नाव, गाव व त्याने उचललेले वजन, एवढे लिहावे. लेख मग त्याच्या पुढे सुरू करावा. आमच्या वहीतील ते पान कोरेच राहिले आहे.